व्हॅनची तहान

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमारास आमच्या निलंग्याकडं दुष्काळ होता, आणि माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, नेमकी तेव्हाच एक जुनी डिझेल व्हॅन घेतली. लोकांना कलेक्टर कचेरीत कामं निघाली होती, गाडीत जागा पुरायची नाही. मी पुढं आबांच्या शेजारी बसायची. लातूरला मास्तरीण व्हायचं शिकत होते. तिथं खोली करून राहायची ऐपत नव्हती. गाडी होती तोवर माझं शिक्षण होतं.

पण ही बया निम्म्या वाटेत तापायची. इंजिनात थर्मोस्टॅट नावाची वाटीएवढी झडप होती. स्टँडवरच्या झाडून साऱ्या ड्रायव्हरांनी आबांना सांगितलं, "काढून फेका ती. थंड मुलखातली चीज हाय, आपल्याकडं काय काम तिचं?" आबांनी काढून फेकली. तरी तापल्याचा काटा चढायचा तो चढायचाच. मग वाटेतल्या एका गावात विहिरीपाशी थांबून पाणी मागायचं.

आता मागणं म्हणजे काय ते सांगते. माझ्या आजोबांना त्या भागात कुणी वरून ओंजळीत ओतलं तरच पाणी मिळायचं. बौद्ध झाल्यावर आबांनी ठरवलं, मरू, पण पाण्यासाठी कुणापुढं हात पसरणार नाही. आणि आता गाडीपायी रोज कॅन घेऊन बायकांच्या रांगेपासून लांब उभे राहायचे. आम्ही कोण ते त्या गावाला ठाऊक होतं. एक म्हातारी तिच्या घागरीतलं थोडं ओतायची, कॅनला घागर न टेकवता, वरून. मला असा संताप यायचा की मी तोंड फिरवून बसायची. एक दिवस रांगेतून कुणी तरी म्हणालं, "माणसाला न्हाई अन् इंजनाला पाजून राहिले." ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

"गाडी नांदेडला नेऊन इकून टाकतो," आबा घरी येऊन म्हणाले.

"अन् माझी शाळा?"

"बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'. मी जेवले नाही.

आबा नांदेडला गेले आणि गाडी घेऊनच परत आले. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्यानं बॉनेट उघडून विचारलं होतं, थर्मोस्टॅट कुठाय? काढला, म्हणून आबांनी ऐटीत सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला. म्हणाला, "ह्या इंजनात पाण्याला दोन रस्ते हायेत. एक रेडिएटरमधून, निवायला. दुसरा जवळचा, इंजनातल्या इंजनात. पाणी तापलं की झडप रेडिएटरची वाट उघडती अन् जवळची बंद करती. झडपच न्हाई, मग तापलेलं पाणी जवळूनच फिरून राहतं. निवंल कवा? जुनी अडकली असंल, ती बदलायची, काढून फेकायची न्हाई." आबांनी गाडी विकायची सोडून नवी झडप घेतली.

मायचा विश्वास बसेना. "आधी मला दाखवा उघडती का ते," म्हणून तिनं चहाचं पातेलं चुलीवर ठेवलं आणि झडप दोऱ्यानं पाण्यात सोडली. उकळी फुटायच्या आधी तिची चकती हळूच सरकली. बाहेर काढून गार झाली तशी परत मिटली. पाणी मायनं भांड्यांना ठेवलं. आबा माझ्याकडं बघून म्हणाले, "हिलाबी एक बसवाय पाहिजे." रुसवा ठेवायचा होता, पण हसू आलं.

झडप बसवून निघालो तेव्हा खबरदारी म्हणून मायनं घरातलंच पाणी कॅनमध्ये भरून दिलं होतं. आबांची नजर रस्त्यावर कमी, काट्यावर जास्त. ते विहिरीचं गाव आलं. काटा होता तिथंच. मी म्हटलं, आता थांबू नका. पण आबा थांबले आणि कॅन घेऊन उतरले.

"आलं बगा गाडीवालं," रांगेतून आवाज आला.

"आज मागाय न्हाई आलो," आबा म्हातारीला म्हणाले. "लई दिवस तुमचं घेतलं, आजी. घरचं हाय."

म्हातारीनं कॅनकडं पाहिलं, आबांकडं पाहिलं. मला वाटलं, ही नको म्हणणार, आणि आबा ते आयुष्यभर विसरणार नाहीत.

तिनं घागर पुढं केली. आबांनी कॅनचं तोंड घागरीच्या काठाला टेकवलं आणि सगळं पाणी ओतलं. तिनं घागर मागं घेतली नाही.

गाडी सुरू केल्यावर आबांनी बाहीनं डोळे पुसले. मी या खेपेला तोंड फिरवलं नाही.