लुटीची माळ आणि अर्जुनाचं रडगाणं

धारच्या बसस्टँडमागे शरदकाकांचं दुकान आहे. मोटरसायकलच्या सीटांची कव्हरं शिवतात. रेक्झिन कापताना हात हलत नाही, पण घरात नवा पंखा लागला की आठवडाभर त्याच्याखाली झोपत नाहीत. काळजी हा त्यांचा जोडधंदा, आणि दुकानापेक्षा तोच जास्त चालतो.

आमचे पूर्वज पवारांच्या फौजेबरोबर माळव्यात आले. सरदार नव्हते, घोड्यांना चारा घालणारे असतील. पण कुठल्याशा स्वारीतून एकानं सोन्याच्या पुतळ्यांची माळ लुटून आणली आणि तेवढ्यावर आम्ही घराणं झालो. माळ कुणी अमझेऱ्याची सांगतं, कुणी डहीकडची. लुटणाऱ्यानं पत्ता विचारून घेतला नव्हता. घरातली प्रत्येक नवरी, येणारी असो की जाणारी, गौरीहरापाशी ती घालते. लग्न लागलं की माळ परत देवघरात.

दुसरी रीत पोथीची. काका रोज संध्याकाळी गीतेची पोथी वाचतात, पण भगवंत उपदेशाला लागतात तिथून. त्याआधीचं सगळं गाळायचं. शिपायाच्या घरात धनुष्य टाकणाऱ्याचं रडगाणं नको, असं माई, म्हणजे काकांची आई, सांगायची. त्यामुळे आमच्या घरात अर्जुनाला दुःख असं कधी झालंच नाही.

काकांच्या नीरजाचं लग्न देवासच्या अक्षतशी ठरलं. आनंदाच्या भरात काकांनी ठरवलं, या वेळी पोथी अगदी पहिल्यापासून वाचायची. आणि तिथंच फसले. अर्जुन म्हणत होता, वडीलधाऱ्यांना मारून जे भोगायचं, ते रक्तानं माखलेलं असणार. काकांनी मान वर करून माळेकडे पाहिलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मग तुकारामबुवांना गाठलं. बुवा आमचे उपाध्याय.

"जिंकलास तर पृथ्वी भोगशील, असं खुद्द भगवंत सांगतात," बुवा म्हणाले. "झालं तर मग."

"पण रक्ताचं?"

"ते अर्जुन म्हणतो हो. घाबरलेला माणूस."

"मीही घाबरलेलाच आहे, बुवा. भगवंत त्याला रागावतात, पण रक्त नाही असं कुठं म्हणत नाहीत. पुढं तर फळाची आशाच सोड म्हणतात. मग भोगायचं की सोडायचं?"

बुवांनी चहा संपवला आणि विचारलं, "मांडववाल्याला सांगितलंत का?" म्हणजे शास्त्र संपलं होतं.

काका घरातले पुरावे काढून बसले. माई हीच माळ घालून आली आणि म्हातारपणापर्यंत सगळ्यांना रागावत मजेत जगली. काकांची थोरली बहीण, आमची ताई, हीच माळ घालून सासरी गेली आणि दोन वर्षांत पांढऱ्या कपाळानं परत आली. पोथीत जुळत नव्हतं, घरातही जुळेना.

एकदा माळ जेवणाच्या डब्यात घालून ते अमझेऱ्यालाही गेले, परत करायला. कुणाला करणार? देवळाबाहेर फुलवालीपाशी बसले, एक हार घेतला आणि पुढच्या बसनं परत आले.

मी म्हणालो, "काका, भगवंतांनी रुक्मिणी अमझेऱ्याहूनच पळवली म्हणतात. त्यांनी कुठं परत केली?"

काकांनी माझ्याशी बोलणं टाकलं. दोन दिवसांनी दुकानात सुई ओवताना म्हणाले, "पण ती तर स्वखुशीनं गेली होती ना?"

माळ घालायचीच नाही, हेही जमणारं नव्हतं. अक्षतच्या आई उमाबाई देवासच्या अख्ख्या कॉलनीला सांगून बसल्या होत्या, आमच्या सूनबाईच्या गळ्यात लढाईची माळ असणार. आणि नीरजाला काही सांगायची काकांची छाती होत नव्हती. पोरगी नव्या घरी जाणार, तिच्या डोक्यात हे कशाला.

लग्नाच्या दिवशी नीरजा गौरीहरापाशी बसली. काका माळ घेऊन उभे राहिले आणि हात वर जाईचनात.

"शरदराव, मुहूर्त निघून चालला," उमाबाई म्हणाल्या.

"ही लुटीची आहे," काका म्हणाले. "हिच्यासाठी कुणाला मारलं असेल, मला माहीत नाही. पोथीत दोन्ही लिहिलंय. मला समजत नाही, बेटा. तुला काही झालं तर..." त्यांची नजर दाराशी गेली, आणि ती कुणाकडे गेली हे सगळ्यांना कळलं. दाराबाहेर ताई उभी होती. शुभकार्यात ती नेहमी तिथंच उभी असते.

"ताईआत्याला कुणी सांगितलं होतं का हे?" नीरजानं विचारलं.

"मला कोण सांगतंय," ताई म्हणाली. "मान खाली घाल म्हणाले, घातली. आणि शरद, आमचे हे ट्रकखाली गेले. माळेखाली नाही."

नीरजा म्हणाली, "बाबा, मला आता माहीत आहे. मी माझ्या मर्जीनं घालतेय. पण तुमचे हात कापतायत. आत्या, तूच ये."

ताईनं उमाबाईंकडे पाहिलं. उमाबाईंनी आधी बुवांकडे पाहिलं, बुवांनी घड्याळाकडे. मग उमाबाई बाजूला सरकल्या. "या ताई. लवकर."

ताई आत आली आणि तिनं माळ घातली.

काका आता पोथी पहिल्यापासून वाचतात. रक्ताच्या श्लोकाशी आले की बोट ठेवून थांबतात आणि देवासला फोन लावतात.

"ठीक आहेस ना?"

"ठीक आहे, बाबा. पुढं वाचा."

"वाचतो. अक्षतला सांग, गाडी सावकाश चालवत जा."