पुष्पलताबाईंची परखी

पोत्याच्या तोंडाशी माल नेहमी चांगलाच असतो, कारण विकणारा तो तसाच भरतो. म्हणून पुष्पलताबाई पोत्याकडे वरून बघत नाहीत. त्या खाली वाकतात, हातभर लांबीची टोकदार लोखंडी परखी पोत्याच्या बुडाजवळ खुपसतात, तिच्या पन्हळीतून तळहातावर घरंगळलेलं धान हुंगतात आणि एक दाणा दाढेखाली धरतात. कट्ट वाजला तर माल कोरडा. दाणा नुसताच दबला तर पोतं परत. मध्य प्रदेशात, बालाघाटच्या वारासिवनी रोडवरच्या एका राईस मिलमध्ये त्या बावीस वर्षं हे काम करतात. त्यांनी नाही म्हणून मान हलवली की मालक भरलेला ट्रक माघारी पाठवतो.

आणि याच बाईला, पोटच्या पोरीच्या पैशांबद्दल एक साधा प्रश्न विचारायला स्वतःच्या घरात तोंड नव्हतं. ही गोष्ट आठवली की आजही माझी कानशिलं तापतात.

नवरा गेला तेव्हा राखी सात वर्षांची होती. तिला शिकवलं ते मिलच्या धुळीने. ती धूळ बाईंच्या छातीत बसली ती बसलीच. बोलताना दर चौथ्या वाक्याला खोकला येतो. राखी नर्सिंग शिकली, कॅनडाला गेली, तिथल्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उचलून बसवण्याचं, अंघोळ घालण्याचं काम करू लागली. पाच वर्षांत तिने तीस हजार डॉलर बाजूला टाकले. तिथल्या बँका आणि कर्ज देणाऱ्या कंपन्या शेअर घेणाऱ्यांना वर्षानुवर्षं लाभांश देतात, असं तिने कामावर ऐकलं होतं. तिचा हिशेब सरळ होता. मिल आईला महिन्याला नऊ हजार देते. तेवढे लाभांशातून आले की आईने परखी खाली ठेवायची.

कोणते शेअर घ्यायचे हे विचारायला तिने फोन केला तो मोठेबाबांना, म्हणजे प्रेमलालना. ते तिच्या वडिलांचे थोरले भाऊ, पस्तीस वर्षं बँकेत. दारावरच्या पाटीवर ‘सेवानिवृत्त बँक अधिकारी’ असं लिहिलंय. होते कॅशियर. दुसऱ्याच्या नोटा मोजून खिडकीतून बाहेर सरकवायच्या, एवढंच काम. पण घरात त्यांच्यासमोर पैशाविषयी कुणी बोलत नसे.

पुष्पलताबाई तर मुळीच नाही. त्या घराण्यात सून भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, बोलत नाही. खुर्चीवर बसत नाही, पदर कपाळाच्या वर जाऊ देत नाही. काही सांगायचं झालंच तर जावेला सांगायचं आणि जाऊ त्यांना सांगते, दोघं एकाच घरात असले तरी. कुणी मधे नसेल तर दाराच्या चौकटीकडे तोंड करून बोलायचं. चौकटीने ऐकलं की भासऱ्याने ऐकलं.

गेल्या वर्षीच्या मार्चमधला रविवार होता. प्रेमलाल पुष्पलताबाईंच्या दोन खोल्यांच्या घरी बाहेर खुर्चीवर बसलेले, समोर व्हिडिओवर राखी. त्यांनी यूट्यूबवरून एक यादी उतरवून आणली होती, लाभांशाच्या टक्क्यांच्या उतरत्या क्रमाने. सगळ्यात वर घरांसाठी कर्ज देणारी एक छोटी कंपनी. नऊ टक्के.

“बेटा, बडे बैंक साडेचार देते हैं. ही नऊ देऊन राह्यली. डबल! महिन्याचे साडेतेरा हजार. तुयी आई रानीसारखी राहीन.”

आत ओट्याजवळ पुष्पलताबाई चहा गाळत होत्या. त्यांनी जावेला, कमलाबाईंना, हळूच म्हटलं, “बाई, त्यायले विचारा, बाकीचे साडेचार देतेत तं हेच काहून नऊ देतेत? आमच्याकडं कोनी भाव पाडून माल देते, तवा बुडाले ओल असते. अन् खराब सालात यायनं किती देल्लं, हे पाह्यलं का म्हना.”

कमलाबाई बाहेर गेल्या. आत स्पष्ट ऐकू आलं.

“पुष्पा म्हनते, तुमाले जे बरं वाटते ते करा.”

पुष्पलताबाईंच्या हातात गाळणी तशीच राहिली. बाहेर प्रेमलाल हसले. “तिले का समजते त्यातलं? ये कनाडा है, मंडी थोडी है.” राखीही हसली. तिला वाटलं, आईची संमती आहे. आणि आई आत उभी राहिली. चौकट चार पावलांवर होती.

अर्धे पैसे, पंधरा हजार डॉलर, त्या कंपनीत गेले.

पुढचं मोजक्या शब्दांत सांगता येतं. आठ महिन्यांत कंपनीने लाभांश निम्मा केला. त्याच दिवशी शेअर कोसळला. पंधराचे नऊ हजार राहिले. राखीने हे आईला सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती, फक्त म्हणाली, “सहा हजार डॉलर म्हणजे किती म्हाताऱ्यांच्या अंघोळी होतात, मी मोजून राह्यली होती.” त्या दिवसापासून पुष्पलताबाईंनी मिलमध्ये बोलणं कमी केलं. रोज संध्याकाळी मिल सुटल्यावर मुलीला फोन लावायच्या आणि एकेक गोष्ट विचारून घ्यायच्या. लाभांश कशातून देतात? सगळा नफा वाटतात का? कर्जं बुडाली तर?

यंदा जानेवारीत प्रेमलाल पुन्हा आले, कमलाबाईंना घेऊन. पुन्हा खुर्ची, पुन्हा व्हिडिओवर राखी.

“घाबरायचं नाही. शेअर सस्ता झाला, म्हंजे चान्स आहे. उरलेले पंधरा बी यातच टाक. ॲव्हरेज होते, घेतल्याचा भाव खाली येते. आताही साडेसात टक्के देऊन राह्यली.”

पुष्पलताबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. ट्रे ठेवला. भिंतीकडची प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसल्या. पदर खांद्यावर होता.

“व पुष्पा...” कमलाबाईंनी पदर पुढे ओढायची खूण केली.

“भाऊजी,” पुष्पलताबाई म्हणाल्या. तीस वर्षांत त्यांनी भासऱ्याला मारलेली ही पहिली हाक. “तवा ते नऊ टक्के वाढवून देत होते, का शेअरचा भाव पडला म्हनून नऊ दिसत होते?”

प्रेमलालनी बायकोकडे पाहिलं. “हिले सांग, बाईमानसानं...”

“तिले नोका सांगू. मी इथंच बसली आहो.”

खोकला आला, तो त्यांनी पदराने दाबला.

“राखी, वाच. त्या कंपनीनं शंभर कमावले, त्यातले किती वाटले?”

राखीने कंपनीच्या वार्षिक अहवालाचे कागद पाहिले. “आई, तवा... सत्त्यान्नव.”

“तीन ठेवले. तीन! बियान्यालेही पुरत नाही तेवढं. अन् बुडलेल्या कर्जासाठी बाजूले काढत होते ते?”

“ते दोन वर्षांपासून वाढूनच राह्यलं होतं.”

“हे कागदावर होतं? आपन घेतला तवाच?”

“हौ, आई. होतं.”

“कोनं वाचलं?”

प्रेमलाल खुर्चीत सरकले. “मार्केट है, ऊपर-नीचे होते रायते. पस्तीस साल बैंक में रहा हूँ मैं. आता मिलवाली मले बँक शिकवन!”

“मी बँक नाही शिकवत. मी बूड पाहून राह्यली. तुमी वरचाच दाना पाह्यला.” मग फोनकडे वळून, “त्या मोठ्या बँकांचं सांग. दोन हजार आठात दुनिया बुडाली होती ना, तवा?”

“लाभांश वाढवला नाही त्यांनी. पण कमीही नाही केला.”

“अन् शंभरातले?”

“पंचेचाळीस, पन्नास. त्याच्या आसपास.”

“बाकीचं घरात ठेवते. अशा दोन पाहा. दोन्ही एकाच धंद्यात अडकलेल्या नोको. अन् हे नऊ हजारही काढून घे.”

“नुकसान करून निघायचं?” प्रेमलाल ओरडले. “पागल झाली का ही?”

“ओला माल कोठीत ठेवला म्हनून वाळत नाही, भाऊजी. बाजूचंही सडवते.”

तेव्हा राखीने तो प्रश्न विचारला, जो मी तिच्या जागी असते तर मला विचारवला नसता. “आई, इतकं कळत होतं, तं तवा काहून नाही बोलली?”

पुष्पलताबाईंनी कमलाबाईंकडे पाहिलं. कमलाबाई जमिनीवर बसल्या होत्या, नवऱ्याच्या पायांपासून हातभर अंतरावर.

“बोलली होती. तुयापरेंत आलं नाही.”

“मी का करू व पुष्पा,” कमलाबाई म्हणाल्या, “मले तं यायच्याचसंग राहाचं आहे ना.”

प्रेमलाल उठले. चहा तसाच राहिला. दाराशी चप्पल घालताना बायकोला म्हणाले, “सांग तिले, पुन्हा या घराची पायरी चढनार नाही.” सगळ्यांनाच ऐकू येत होतं. तरी कमलाबाई सवयीने वळल्या आणि सांगू लागल्या, “पुष्पा, ते म्हनतेत...”

“आयकलं,” पुष्पलताबाई म्हणाल्या.

ते गेल्यावर राखीने आकडे लावले. उरलेले चोवीस हजार डॉलर, साडेचार टक्क्यांनी. महिन्याचे साडेपाच हजार.

“मिल सुटत नाही मंग, आई.”

“नाही सुटत.”

“सहा हजार गेले नसते तं...”

“तरीही उरलं असतं काम. पन कमी.” फोन बंद केल्यावर त्यांनी ती प्लास्टिकची खुर्ची परत भिंतीला लावली नाही. खोलीच्या मधोमध ठेवली. येता-जाता पायात येते, तरी ती अजून तिथेच आहे.

दुसऱ्या दिवशी सात वाजताची बस. मिलच्या अंगणात परसवाडा गावाकडून आलेला ट्रक उभा होता. आणणारा व्यापारी हसत पुढे आला. “पाहा ना बाई, चिन्नोर आहे. वासावरून समजते.” त्याने वरच्या वर मूठभर सुवासिक धान उचलून दाखवलं.

पुष्पलताबाईंनी त्याच्या मुठीकडे पाहिलंच नाही. खाली वाकून पोत्याच्या बुडाशी परखी मारली, इतक्या जोराने की बारदान टरकन फाटलं आणि धान पायावर सांडलं.

“बाई, पोतं फाडलं ना माह्यं!”

“हौ. फाडलं.”

त्यांनी सांडलेल्यातला एक दाणा उचलला, दाढेखाली ठेवला, आणि खोकला ओसरेपर्यंत त्या थांबल्या, कट्ट वाजतं का ते नीट ऐकू यावं म्हणून.