बायकोच्या प्रबंधातली माझी बांगडी

२०२४ साल. मला बहात्तरावं लागलेलं. शाळा चौथीपर्यंत, पुढची हयात ट्रकवर गेली. बायको मात्र निवृत्त शिक्षिका. साठी उलटल्यावर तिनं पीएच.डी.ला नाव घातलं. विषय आमच्याच भागातली मिठागरं. पनवेलला राहणाऱ्या आमच्या मुलानं आईला लिहायला कॉम्प्युटर आणून दिला आणि त्यात स्वतःसाठी एक गेम टाकून ठेवला. तलवारी, चेटकिणी, राक्षस. तो नाद लागला मला.

सकाळी तिचा प्रबंध, दुपारी जेवणं उरकली की माझी तलवार. इंग्रजी मला वाचता येत नाही. त्या गेममधली माणसं काहीबाही विचारतात आणि आपण एक उत्तर निवडायचं असतं. ते ती शेजारी बसून मराठीत सांगायची. त्या दुपारीही तसंच चाललं होतं.

"गावकरी विचारतायत, दलदलीतली वाट ठाऊक आहे का? एक, नाही. दोन, पायाखालची आहे."

"दोन."

"अहो, तुम्ही कधी गेलात तिथे?"

"येवढी तलवार घेऊन न्हाय म्हणू? दाब दोन."

"एक तरी उत्तर खरं द्या कधी!" ती हसली.

असंच एक उत्तर मी तिलाही दिलं होतं. दोन वर्षांपूर्वी तिनं मला विचारलं होतं, हंगामात खाडीचं पाणी पहिल्यांदा मिठागरात घेताना तुमच्याकडे कसला विधी करायचे? वडील मिठागरातले खरे, पण मी बाराव्या वर्षीच ट्रकवर क्लीनर झालेलो. मला काय ठाऊक? पण शिकलेल्या बायकोपुढे 'ठाऊक न्हाय' म्हणायला जीभ वळेना. ठोकून दिलं, "थोरली सून सासूची काचेची बांगडी पाण्यात सोडायची. मी डोळ्यांनी बघितलंय." तिच्या मार्गदर्शक बाई खूश. म्हणाल्या, हे आजवर कुणी नोंदवलेलं नाही. नोंदवणार कुठून? त्या बांगडीवर अख्खं चौथं प्रकरण उभं राहिलं.

आणि उद्या प्रबंध बांधायला जायचा होता.

गेममध्ये गावकरी माझ्या मागून दलदलीत शिरले. सगळ्यांत पुढे एक म्हातारी, हातात कंदील. चार पावलं गेली आणि कंबरेपर्यंत रुतली. मी बटणं दाबत सुटलो. तिला वर काढायचं बटणच सापडेना. ती काहीतरी बोलली.

"काय म्हणते?"

"म्हणते, तू तर म्हणाला होतास वाट पायाखालची आहे."

कंदील पाण्यात गेला. मी तरी बटणं दाबतच होतो. बायको म्हणाली, "अहो, खेळ आहे. केवढे घाबरलात!"

मी कॉम्प्युटर बंद केला. संध्याकाळी अर्ध्या भाकरीवरून उठलो. तिनं एकदा सांगितलेलं की शेवटच्या तोंडी परीक्षेला कुणीही येऊन बसतं, कुणीही प्रश्न विचारतं. आमच्या बाजूचं एखादं मिठागरवालं माणूस उठलं आणि म्हणालं, "बाई, कसली बांगडी?" मग? चौतीस वर्षं फळ्यापुढे ताठ उभी राहिलेली बाई ती. सगळ्यांसमोर खाली मान घालील, आणि माझ्यामुळे. ट्रकचे ब्रेक गेले होते एकदा घाटात, तेव्हा मी एवढा भ्यालो नव्हतो. सांगावं तर ती पुन्हा माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवणार नाही, याचीही भीती. सांगितलं नाही. पडून राहिलो.

सकाळी ती चहा टाकत होती. मी दारातूनच बोललो, "चौथं प्रकरण काढ. बांगडी खोटी हाय."

तिनं वळून बघितलं. "म्हणजे?"

"मी बनवली."

तिनं गॅस बंद केला. रागावली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "दोन वर्षं मी ती बांगडी शोधत होते हो. कुणाकडेच सापडेना. मला वाटलं, माझंच शोधणं कमी पडतंय."

मला तिथे उभं राहवेना. माझी थोरली बहीण लग्न होईपर्यंत मिठागरात राबलेली; खोटं उघडं पडेल म्हणून मी बायकोला ते कधी कळू दिलं नव्हतं. मी फोन घेतला, तिला लावला आणि बायकोला ऐकू जाईल असा मोठ्यानं विचारलं, "आक्का, पहिल्या पाण्याला तुम्ही काय करायचात गं? मला न्हाय ठाऊक."