ओल्या धोतराची पंगत

आमच्या पेठेतल्या त्या अन्नछत्राची आठवण निघाली की आजही माझं डोकं फिरतं. एका सावकाराने पुण्य जोडायला ते काढलं होतं. आंधळा, पांगळा, निराधार असा कोणीही ब्राह्मण दारातून विन्मुख जाणार नाही, असा डंका साऱ्या पुण्यात पिटलेला. मी तिथला आचारी. भात मी शिजवायचा, पानं वाढपी वाढायचे. तूप मात्र कारभारी स्वतःच्या हाताने वाढत, म्हणजे जेवणाऱ्यांचे आशीर्वाद थेट त्यांच्या पदरात.

नियम असा की सोवळ्याशिवाय पंक्तीला बसायचं नाही. ज्यांच्या घरी दोन धोतरं त्यांचं ठीक आहे. एक धुवून, कोणी शिवणार नाही असं उंच वाळत घालता येतं. पण एक आंधळे आजोबा यायचे, त्यांच्यापाशी अंगावरचं तेवढंच. कारभाऱ्यांनी तोड काढली: मुठेत बुडी मारून ओलेत्याने या, ओलं धोतर सोवळ्यातच जमा. पौषातल्या थंडीत म्हातारा कुडकुडत पंक्तीला बसायचा. याला म्हणे धर्म!

मग त्यांना खोकल्याने धरलं. एके दिवशी ते कोरड्यानेच आले आणि पान चाचपताना त्यांचा हात वाढप्याच्या भाताच्या पातेल्याला लागला. कारभाऱ्यांनी सगळा भात गाईंपुढे ओतायला लावला. पंगत उपाशी उठली, शिव्या खाल्ल्या आजोबांनी. तेव्हापासून त्यांची जागा उंबरठ्याबाहेर. सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर त्यांना. उरायचं क्वचितच. माणूस डोळ्यांदेखत खंगत चालला होता आणि माझी चूल रोज पेटत होती.

द्वादशी उजाडली. एकादशीच्या उपासाने सगळ्यांची पोटं पाठीला लागलेली, त्यामुळे कारभारीही पारणं सोडायला पंक्तीतच बसणार होते. लगबगीने आत येताना त्यांचं रेशमी सोवळं आजोबांच्या खांद्याला चांगलं घासलं. नियमाने त्यांनी पुन्हा आंघोळ करायची. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि मुकाट्याने पाटावर बसून आपोष्णी घेतली. चुलीपाशी बसलेला मी त्यांना दिसलो नाही.

आपोष्णीचं पाणी प्यायलं की जेवण होईपर्यंत बोलायचं नाही. मध्येच उठलं तर त्या दिवशी पुन्हा जेवता येत नाही. मी बाहेर गेलो आणि आजोबांचा हात धरला.

"अहो, माझं धोतर कोरडं आहे," ते घाबरून म्हणाले.

"असू दे."

कारभाऱ्यांशेजारच्या वाढलेल्या पानावर कोणी बसलं नव्हतं. तिथे त्यांना बसवलं. कारभारी लालबुंद झाले, हुंकारले, पण उपासानंतरचं पान सोडवतंय कोणाला? सगळी पंगत माना खाली घालून जेवली. आजोबा पोटभर जेवले.

हात धुताच कारभाऱ्यांना कंठ फुटला. "सगळी पंगत बाटवलीत!"

"आत येताना आपलं सोवळं यांना लागलं, तेव्हाच बाटली. हे ओवळे असतील तर आपणही. बोला, प्रायश्चित्ताची तयारी करू?"

जेवून उठलेले सगळे कारभाऱ्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. आजोबा सोवळ्यात ठरले. मला मात्र त्याच पावली चालतं केलं.

दुसऱ्या दिवशी मी आंघोळ करून, धुतलं धोतर नेसून त्याच दारात गेलो, निराधार म्हणून, आणि आजोबांच्या शेजारच्या पाटावर बसलो. कारभारी तूप वाढत वाढत आले आणि माझ्या पानाशी थबकले.

"वाढा," मी म्हणालो, "आशीर्वाद देतो."