मंगलाबाईची चुंबळ

नवागामच्या त्या गल्लीत मंगलाबाईचं नाव होतं ते तिच्या डोक्यामुळे. डोकं म्हणजे अक्कल नव्हे. अक्कल तिला भरपूर होती, पण ती सगळीच बाजूला ठेवण्याजोगी आहे असं तिच्या शेजारणींचं मत होतं. डोकं म्हणजे टाळू. अमळनेरकडच्या एका खेड्यातून ती नवऱ्यामागं सुरतेला आली. नवरा भाईदास लूमवर लागला आणि ही बांधकामावर. विटा, रेती, कालवलेला माल, जे पुढ्यात येईल ते तिनं डोक्यावरून वाहिलं. पर्वत पाटियाकडून जाताना नव्या उठलेल्या इमारतींकडे ती अशा नजरेनं बघायची की त्यांनी जरा वाकून तिला नमस्कार करायला काय हरकत होती!

एवढं वाहूनही तिच्या डोक्याला कधी इजा झाली नाही. बाकीच्या बायकांचे टाळूवरचे केस गेले, माना आखडल्या. हिचा अंबाडा शाबूत. कारण एकच, तिची चुंबळ. अहिराणीत ती तिला ‘चुंबय’ म्हणायची. जुन्या लुगड्याची पट्टी ओली करून, पिळून, एकावर एक वेढे देत ती असं काही कडं वळायची की वरचं घमेलं लग्नातल्या नवरदेवासारखं मानानं बसून राहायचं. साइटवरच्या बायका तिच्याकडून चुंबळ वळून घ्यायच्या. भाईदास गेला, पोरगा योगराज लूमवर उभा राहिला, तिचं काम सुटलं, तरी खुंटीला एक चुंबळ टांगलेली असायचीच.

“मनी चुंबय ऱ्हायनी म्हंजे डोकाले वझं समजस नही,” असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. ओझं डोक्याला कळत नाही, ही तिच्या आयुष्याची कमाई होती, आणि ती ऐकून घेण्यात आपलं काहीच जात नव्हतं.

योगराजची बायको सुषमा म्हणजे सासूच्या अगदी उलट. लग्नाला बरीच वर्षं झाली, पण घरात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. भाजीत मीठ किती, पोरांना शाळा कुठली, पाहुणे कधी बोलवायचे, काहीही विचारा, एकच उत्तर: “आत्या म्हनतीन तसं.” आत्या म्हणजे सासू. मंगलाबाई तिचा जीव की प्राण होती, आणि सुषमा मंगलाबाईचा. सासू-सुनेचं इतकं गूळपीठ गल्लीला बघवत नसे.

सुषमा घरी बसून साड्यांना टिकल्या लावायची. तिला आधी गळ्याचा कसलासा आजार झाला, त्यात ती फुगत गेली. मग गोळ्या लागू पडल्या आणि जितकी फुगली होती तितकीच ओसरली. पण कातडी काही ओसरेना. पोटाची घडी मांडीवर येऊन लोंबायची. सुरतेच्या त्या घामट हवेत घडीखाली आतून सोललं जायचं, वास यायचा, बसून काम करणं मुश्किल झालं. धर्मादाय दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ही जादा कातडी कापून काढू, पोट नीट बांधून देऊ.

मंगलाबाईला पहिला धक्का तिथंच बसला. आजारी आतडं कापतात, सडलेला पाय कापतात, हे तिला ठाऊक होतं. पण धडधाकट माणसाची कातडी? कापडाच्या ताग्यातून कटपीस काढावा तशी? ती दोन दिवस कपाळाला हात लावून बसली. योगराजनं समजावलं, सुषमा “आत्या म्हनतीन तसं” म्हणाली, आणि अखेर आत्यानं एक सुस्कारा सोडून हो म्हटलं.

ऑपरेशन छान झालं. कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत टाक्यांची ओळ, वरून रुंद पट्टा. घरी सोडताना नर्सनं सगळं सांगितलं: पाठ उंच ठेवा, गुडघ्याखाली उशी द्या म्हणजे टाक्यांवर ताण येणार नाही, मधूनमधून अंग जरा या बाजूला, जरा त्या बाजूला कलतं करा, वाकून का होईना पण चालवा, पाठीची, टाचांची कातडी रोज बघा. मंगलाबाईनं यातला एकच शब्द ऐकला. टाके! तिचे कान तिथंच बंद झाले. पुढचं सगळं तिला बडबड वाटली.

घरी खाटेवर गाद्यांची उतरण करून सुषमाला टेकवून बसवलं. खाली अंथरायला साड्या होत्याच, घर सुरतेतलं. गुळगुळीत पॉलिस्टरच्या, घाम न शोषणाऱ्या. सुषमा त्यावरून हळूहळू खाली घसरायची, आणि मंगलाबाई तिला काखेत हात घालून फरफटत वर ओढायची. चालायचं नाव काढलं की ओरडायची, “हालू नको वं माय! टाका तुटतीन!” शेजारच्या पार्वतीनं एकदा भीत भीत म्हटलं, मावशी, नर्सनं चालवायला सांगितलंय ना? त्यावर मंगलाबाईनं तिला अशी काही झाडली की ती पुन्हा उंबऱ्यातसुद्धा आली नाही.

मग एका दुपारी सुषमा हळूच म्हणाली, “आत्या, माकडहाड आग करस.”

मंगलाबाईनं बघितलं. कण्याच्या शेवटी, बसायच्या जागी रुपयाएवढा लाल डाग. तिनं खोबरेल लावून जोरजोरानं चोळलं. तरी आग थांबेना. तेव्हा तिची नजर खुंटीकडे गेली, आणि तिचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! दुखरी जागा टेकूच द्यायची नाही, अधांतरी ठेवायची, एवढंच ना? तिनं त्यातल्या त्यात मऊ लुगडं फाडलं, बैठकीएवढी मोठी चुंबळ वळली, चांगली घट्ट, आणि सुषमाला उचलून ती बरोबर खाली सरकवली. लाल डाग मधल्या पोकळीत, भोवती कडं.

“आते?” तिनं विचारलं. आता कसं वाटतंय?

“बरं वाटस, आत्या.”

मंगलाबाईची छाती फुगली. डॉक्टरणीला जे सुचलं नाही ते तिला सुचलं होतं. गल्लीत तिनं ते सगळ्यांना सांगितलं. जिनं आपल्याला आयुष्यभर सांभाळलं ती चुंबळ आता सुनेला सांभाळतेय, हे सांगताना तिचे डोळे भरून यायचे. खोटं नाही, खरोखर माया होती ती. सुषमाही पुढं काही बोलली नाही. आग थांबली, असं मंगलाबाईनं धरलं.

थांबली नव्हती. एका सकाळी अंग पुसायला म्हणून मंगलाबाईनं सुनेला कुशीवर कलतं केलं, चुंबळ काढली आणि तिच्या हातातलं फडकं गळून पडलं.

डाग लाल राहिला नव्हता. काळा पडला होता. मधोमध कातडी मेल्यासारखी, कडेनं ओली, आणि भोवती चुंबळीचं कडं जसंच्या तसं उठलेलं. एकेक वेढा मोजून घ्यावा इतकं स्पष्ट. वास आला. मंगलाबाईनं आयुष्यात पडलेली, चिरडलेली माणसं पाहिली होती. साइटवर परांचीवरून खाली पडलेली बाई तिनं आपल्या मांडीवर घेतली होती. पण हे काय होतं? कुणी मारलं नाही, कुणी पाडलं नाही, काही सांडलं नाही, भाजलं नाही. नुसतं झोपून? माणूस नुसतं निजलं तर त्याचं मांस मरतं? ती भिंतीला टेकली आणि तशीच खाली बसली. सुषमाच “आत्या, काय जायं? काय जायं?” विचारत राहिली, आणि हिला सांगता येईना की काय झालंय.

योगराजनं रिक्षा आणली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जखम पाहिली, सोबत आणलेली चुंबळ पाहिली, ती उचलून धरली.

“आ कोणे मूक्युं?” हे कुणी ठेवलं?

मंगलाबाईनंच पुढं होऊन छातीवर बोट ठेवलं. डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी हिंदी-गुजरातीत सगळं सावकाश सांगितलं. बसून बसून हाडाखालच्या मांसाला रक्त मिळेनासं होतं, म्हणून ती जागा लाल होते. तेव्हा नुसतं अंग बदललं असतं, भार हलवला असता, तर ती भरून आली असती. चोळायची नसते. फरफटत ओढायचं नसतं. चादरीनं दोघांनी उचलायचं असतं. आणि हे कडं तर कधीच ठेवायचं नसतं. ते चहूबाजूंनी दाबतं, मधल्या जागेला येणारं उरलंसुरलं रक्तही अडवतं.

“पण माझ्या डोक्याला…” मंगलाबाई कशीबशी म्हणाली. “मी जन्मभर ठेवली. काही झालं नाही.”

“माजी, डोक्यावरचं घमेलं तुम्ही वर नेऊन उतरवत होता ना?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. “हिचं ओझं कुणी उतरवलं?”

साइटवर हे तर रोजचं होतं. वर पोचलं की बाई हाक मारायची, “उतार वं!” आणि दुसरी हात लावायची. घमेलं उतरलं की रिकाम्या डोक्यानं खाली यायचं, मान मोडायची, चुंबळ झटकून पुन्हा ठेवायची. ओझं कधीच कायम नसायचं. मंगलाबाईनं सगळं श्रेय चुंबळीला देऊन टाकलं होतं, आणि हाक मारणाऱ्या, हात लावणाऱ्या बायकांना ती पार विसरली होती.

“आणि तू गं?” डॉक्टरीणबाई सुषमाकडे वळल्या. “दुखत नव्हतं?”

सुषमा म्हणाली, “पहिल्याच दिशी टोचे. मंग मंग बधिर व्हई गयं.”

“पहिल्याच दिवशी? मग सांगितलं का नाहीस?”

“आत्यानी इतली मायानी करी व्हती.” सुषमानं मान खाली घातली. “कशी सांगू?”

मंगलाबाईला जखम पाहून जो धक्का बसला होता, तो यापुढे काहीच नव्हता. आपल्या सुनेचं अंग आपल्या डोळ्यांदेखत, आपल्याच हाताखाली सडत होतं, आणि ती पोर “बरं वाटस” म्हणत होती. का, तर आत्याला वाईट वाटू नये. ज्या गरीबपणाचं आपण गल्लीभर कौतुक केलं, ज्याच्या जोरावर इतकी वर्षं घर चालवलं, त्यानंच घात केला होता. ती बाहेर पॅसेजमध्ये गेली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

जखम भरायला फार दिवस लागले. मेलेलं मांस कापलं, रोज ड्रेसिंग झालं. मंगलाबाईनं पॉलिस्टरच्या साड्या उचलून भाईदासची सुती धोतरं अंथरली. पार्वतीच्या दारात जाऊन तिनं तिला हात धरून आणलं. दोघी मिळून धोतराला धरून सुषमाला उचलायच्या, एकदा या कुशीवर थोडं कलतं, एकदा त्या कुशीवर, पाठीशी उशी, गुडघ्यांत उशी, टाचा अधांतरी. मग वाकून वाकून दारापर्यंत चालवायच्या. टाके काही तुटले नाहीत. खुंटीवरची चुंबळ मात्र मंगलाबाईनं चुलीत घातली.

पण सुषमा स्वतःहून काही सांगेना. दुखतंय का विचारलं की “नही”. कूस बदलायची का, की “आत्या म्हनतीन तसं”. हे शब्द आता मंगलाबाईला चटक्यासारखे लागायचे. “मी काय म्हनू? आंग तुनं शे!” ती कळवळून म्हणायची. सुषमा हसायची आणि गप्प राहायची. त्या हसण्याची मंगलाबाईला भीती वाटू लागली. ती खाटेपासून हलेना, सुनेच्या कपाळावरच्या आठ्या वाचत बसायची.

असंच एकदा ती गल्लीच्या नळावर गेली. पाण्याला रांग होती, बायका होत्या, बोलता बोलता जरा उशीर झाला. एवढ्यात घरातून आवाज आला. असा आवाज त्या घरातून कधी आला नव्हता. रांगेतल्या सगळ्या बायकांनी माना वळवल्या.

“ओ आत्या! कोठे मरी गयात? माले उतारा ना!”

सून सासूला अशी बोलली? सुषमा? पार्वतीच्या हातातली कळशी तशीच भरून वाहू लागली. मंगलाबाईनं आपला रिकामा हंडा तिथंच सोडला, पदर खोचला आणि त्या वयात गल्लीतून धावत सुटली.

“ऊनू वं माय, ऊनू!” ती रडत, हसत, ओरडत होती. “हाक मार! आजून मार!”