आउटडोअरवरचा घास

गेल्या आठवड्यात आमच्या एसीने अक्षरशः डोकं फिरवलं. डोंबिवलीचं ऊन, त्यात आईचं बीपी... आणि हा पठ्ठ्या सुरू केला की थोड्याच वेळात खिडकीबाहेरचं आउटडोअर युनिट ठप्प. आत नुसता पंखा!

आणि हे सगळं दुपारी, जेवायच्या वेळी. संध्याकाळी मात्र मस्त गार.

सुनील मेकॅनिक कल्याणहून दोनदा येऊन गेला. गॅस बघितला, कॉइल धुतली, कपॅसिटर बदलला. "दादा, समोरची हवा अडली की गरम होऊन बंद पडतं. पण इथे तर सगळं मोकळं आहे," म्हणाला. मी उगाच त्याच्यावरच चिडलो.

जरा मागचं सांगतो. बाबा जाऊन आता महिना होऊन गेला. दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवलाच नाही. काका म्हणाले, वहिनीला सांभाळू. मी म्हणालो, घराचं मी बघतो. सगळ्यांचे हात जोडून झाले, पण कावळे झाडावर ढिम्म... शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. घरी येऊन आईला सांगितलं तर ती उठून बाबांच्या कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

परवा मी घरून काम करत होतो. दुपारी एसी पुन्हा बंद! तणतणत बेडरूममध्ये गेलो, खिडकीतून वाकून बघतो तर काय... आउटडोअरच्या जाळीवर बाबांचा पंचा, चिमट्यांनी पक्का लावलेला. वर पानाच्या तुकड्यावर वरणभात. आणि आई तिथेच खिडकीचं ग्रिल धरून उभी.

"अगं आई, मशीन जळेल ना!" मी ओरडलोच.

"त्याचा गरम वारा लागतो रे. कावळा बसतच नाही. वाट बघून झाली की काढून ठेवते मी पंचा."

मग खाली बघत म्हणाली, "त्या दिवशी दुपारी मीच ओरडले त्यांच्यावर. सारखा अठरावर लावायचे... म्हटलं, बंद करा तो, हाडं गोठली माझी. गुपचूप बंद केला रे त्यांनी. आणि संध्याकाळी..."

मला पुढे ऐकवेना. घाटावर आम्ही सगळ्यांनी शब्द दिले, पण हिला काय सांगायचं होतं ते कोणी विचारलंच नव्हतं.

मी पंचा काढून तिच्या हातात दिला आणि एसीच बंद करून टाकला. दोघं घामाघूम होऊन बसून राहिलो. ताटं वाढलेली तशीच गार झाली.

बऱ्याच वेळाने एक कावळा आला. आउटडोअरवर दोन उड्या मारल्या, मान वाकडी करून बघितलं... आणि भात उचलला.

आई खिडकीशी गेली. "लावा हो, हवा तेवढा गार लावा. मी नाही ओरडणार." आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा ती मोकळेपणी रडली.

मग डोळे पुसून मला म्हणाली, "लाव रे आता. अठरावर लाव."

कपाटातली शाल काढून ती पलंगावर बाबांच्या जागी बसली. कुडकुडत होती, पण बंद कर म्हणाली नाही. त्या कावळ्याचे उपकार कसे फेडायचे, मला खरंच कळत नाही...