बसायला येणारी माणसं

नोकरीसाठी साताऱ्याकडचं गाव सोडलं, त्या सकाळी आबांनी एसटीच्या खिडकीतून हात घालून माझा दंड धरला. "सेटल झालास की कळव," म्हणाले. आबा, माझे वडील, चौथी शिकलेले. त्यांच्याजवळच्या मोजक्या इंग्रजी शब्दांतला हा एक.

नवी मुंबईत, महाप्याच्या कंपनीत कायम झालो तेव्हा कळवलं. तळवलीला वन-बीएचके घेतला तेव्हाही कळवलं. दोन्ही वेळा ते नुसतं "बरं" म्हणाले.

आई गेल्यावर आबा माझ्याकडे राहायला आले. त्या सुमारास एकदा मी तो 'सेटल' शब्द कोशात पाहिला. मुळाशी जुन्या इंग्रजीतलं बसण्याचं आसन निघालं. पुढे त्यालाच गाळ खाली बसणं, वाद मिटणं, वस्ती करणं असे अर्थ फुटत गेले. हौसेने आबांना सांगितलं. ते हसले. "मग तुझ्याकडं बसायला कोण येतं रं?"

सोसायटीत आम्ही सगळे दारातच उभे राहून बोलतो.

गेल्या महिन्यात आबा गेले. अंत्यसंस्कार इथेच केले. आमच्या गावाकडे माणूस गेलं की लोक बसायला येतात. सतरंजीवर टेकतात, थोडं बोलतात, आणि "येतो" न म्हणता उठतात. धाकटे चुलते, तात्या, फोनवर म्हणाले, "गावाकडं ये. तिथं कोण येणाराय बसायला?"

"आबा इथं राहत होते, तात्या. दुखवटा इथंच."

दुसऱ्या दिवशी सोफा सरकवला, सतरंजी अंथरली, दार सताड उघडलं आणि बसलो. अकरा वाजले. लिफ्ट मजल्यावरून नुसती पुढे जात होती. तरी दार लोटलं नाही.

मग नाक्यावरची भाजीवाली आगरी म्हातारी दारात आली. "तुजा बापूस रोज माज्यापाशी बसाचा. आज मी आयलंय." आत येऊन टेकली. पाठोपाठ वॉचमन, इस्त्रीवाला, समोरच्या घरातलं जोडपं. आबा कुणापाशी बसायचे, कुणाला काय म्हणाले होते, ते त्यांच्या बोलण्यातून मला आता कळत होतं. समोरचा तरुण उठताना सवयीने "येतो" म्हणाला, तशी म्हातारी डाफरली, "अशा जागी येतो म्हनतान कं?" तो ओशाळून पुन्हा बसला.

दुपारी मी तात्यांना फोन लावला.

"तात्या, आता तुम्हीच इकडं या. आणि येताना घरातली मोठी सतरंजी आणा. इथली पुरत नाही."